शेवटचं नाव

कोलकात्यात बागबाजार घाटावर हावड्याच्या बोटीच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्क जोडपं चक्क मराठीत बोलत होतं.

“अहो, ऋषभचं नाव या शोधनिबंधात शेवटी ढकललंय. पूर्वी पहिलं असायचं.”

“अगं, शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं. साहेब झालाय तुझा लेक! जगभरातले लोक त्याच्या कामाचे दाखले देतात.”

“मग प्रयोग कोण करतं?”

“विद्यार्थी.”

“आणि त्या पेशींना दिवाळीतही खाद्य घालावं लागतं, म्हणून बोस्टनहून येत नव्हता ना तो?”

“तेही आता विद्यार्थीच घालतात.”

“म्हणजे यंदा येईल! विचारा ना त्याला.”

“तूच विचार.”

“मी नाही बाई. पुन्हा पेशींचंच सांगितलं तर?”