मिठाची चव

ताई : एकूण एक डुक्कर विकून टाक. त्या मेल्यांनीच तुझ्या चिमीला आकडी आणली!

भाऊ : ताई, आधी बस. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलंय.

ताई : बसते कशाला? तिची आई गेल्यापासून डोळ्यांत तेल घालून जपलंय मी पोरीला. डुकराचं मटण कधी तिच्या ताटात वाढलं नाही. मग डोक्यात जंताच्या गाठी आल्या कुठून?

भाऊ : जंताची अंडी पोटात गेली. तिथून डोक्यात.

ताई : म्हणजे डुकरांचीच ना!

भाऊ : नाही गं. डुकराच्या मांसात बारीक दाणे असतात, ते कच्चे पोटात गेले की माणसाच्या आतड्यात फितीसारखा लांबलचक जंत वाढतो. अंडी त्या माणसाकडून पडतात. संडासाहून आल्यावर नखात राहिली, की...

ताई : इथं कच्चं कोण खातंय? राक्षस आहोत का आपण?

भाऊ : सॉसेजचा खिमा मळताना तू मीठ बघतेस.

ताई : चिमूटभर! जिभेला लावते, झालं. आईपण तसंच बघायची, चांगली ऐंशीची होऊन गेली. गिऱ्हाईक माझ्या हातच्या चवीवर येतं, विसरू नकोस.

भाऊ : विसरलो नाही.

ताई : आणि मला काय धाड भरलीय? पोट दुखत नाही की खुपत नाही.

भाऊ : वर्षानुवर्षं कळतच नाही म्हणे. घरातल्या सगळ्यांनाच तपासणार आहेत. पण त्यांनी पहिल्यांदा विचारलं, पोरीला भरवतं कोण?

ताई : ...काय सांगितलंस?

भाऊ : काय सांगणार?

ताई : माझं नाव सांगितलंस.

भाऊ : अजून नक्की नाही. माझ्याही पोटात असेल. संडासाच्या टाकीचं झाकण फुटलंय, डुकरं तिथंच तोंड घालतात. तू सांगून सांगून थकलीस, मी आज करतो, उद्या करतो. आपलं त्यांच्या पोटात, त्यांचं आपल्या.

ताई : बरी होईल ना रे ती?

भाऊ : औषध सुरू केलंय. आकड्या थांबतीलच असं आत्ता सांगता येत नाही म्हणाले.

ताई : हात धुते रे मी. देवाशपथ धुते. ...कधी घाईत राहून जातं. खोटं कशाला बोलू?

(आतल्या खोलीतून चिमी : "आत्या, भूक लागली! भरव ना!")

भाऊ : जा, बोलावतेय... नाही, थांब.

ताई : तूच जा. ताटात मी कालवून ठेवलंय ते टाकून दे, दुसरं वाढ. आणि घास लहान कर. मोठा तिच्या घशाखाली उतरत नाही.