दर दहावा चौकोन

दरडीखाली सापडलेली बाई माझीच बायको, हे कळलं त्या दिवशी मी इस्पितळात कागदांसाठी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे भूसर्वेक्षणाचे साहेब आणि त्यांची मदतनीस बोलत होती.

“उपग्रहाच्या चित्रात दरडीखाली गेलेली ही चार घरं दिसलीच नाहीत?”

“एक चौकोन तीस मीटरचा, सर. त्यात झाडं जास्त, म्हणून जंगल धरलं.”

“अगं, मग पायी जाऊन बघायचं.”

“दोनशे चौकोन होते. तुम्हीच म्हणालात, दर दहावा बघ, शितावरून भाताची परीक्षा.”

“म्हणालो खरं.”

“हा नववा होता.”

“आणि धोक्याचा इशारा?”

“तो वस्तीला जातो, सर. जंगलाला कोण पाठवतं?”

साहेबांनी खिडकीतून मृतांची यादी घेतली.

हा नववा सोडला, तर उरलेले एकशे एकोणऐंशी चौकोन अजून कुणी पायी पाहिलेले नाहीत.