तान्हूबाईचं चऱ्हाट

मंडळी, ऐका! सवाल साधा आहे — बडबड म्हणायचं कशाला? वटवट, टकळी, चऱ्हाट, पाल्हाळ... शब्दांना आपल्याकडे तोटा नाही! पण ते चिकटतात कुणाला? मी इथं दीड तास बोलतोय, त्याला तुम्ही कीर्तन म्हणता! आणि घरी बायको दोन वाक्यं जास्त बोलली, की मी म्हणतो — झाली हिची वटवट सुरू! हसू नका! तुमच्याकडेही तेच आहे!

तर एका गावात होती तान्हूबाई. नवरा गेलेला, एवढंसं शेत. शेजारच्या बळवंतरावानं बांधाचा दगडच सरकवला — आठ हात जमीन गिळली! आज आठ हात, उद्या सगळं शेत! बाई तडक पंचांपुढं उभी राहिली.

आधी बळवंतराव बोलला. गावाची इभ्रत, पूर्वजांची पुण्याई — तासभर! दगडाचं नाव नाही! पंच आपले माना डोलावतायत — वा, काय विचार मांडले!

मग तान्हूबाई. "मी ह्यांची भाकरी घेऊन जायची बघा. ज्वारीचीच. ह्यांना बाजरी सोसत नव्हती..."

"ए टकळे!" मुख्य पंच गोविंदतात्या ओरडले. "मुद्द्याचं बोल! चऱ्हाट लावू नकोस!"

बाईच्या अंगाचा तिळपापड! खाली बसली का? छे! पदर खोचला — "तात्या, त्याचं तासभर ऐकलंत, आता माझंही ऐकायचं! वटवट तर वटवट! तर मी भाकरी न्यायची. भर दुपारी त्या बांधाच्या दगडावर बसायची. वर चिंच, गार सावली! ह्यांना तिथं डुलकी लागायची. परवा मी त्याच दगडावर बसले, तर चटका बसला! चिंच कुठं चालत गेली नाही, तात्या! मग सावलीतला दगड उन्हात आला कसा?"

पंच ताडकन उठले, शेतावर गेले. चिंचेखाली माती भुसभुशीत — नुकताच बुजवलेला खड्डा! दगड तिथं परत रोवला गेला. तात्या खजील होऊन म्हणाले, "बाई, हे आधी का नाही सांगितलंस?"

"आधीपासून तेच सांगत होते! तुम्ही त्याला चऱ्हाट म्हणत होता!"

बोला, कुठं तोंड लपवायचं तात्यांनी? आणि आपण? आज घरी आई बोलेल, सून बोलेल. तुमच्या ओठावर 'पुरे!' येईल — तो शब्द गिळा! आणि आयाबायांनो, कुणी 'पुरे' म्हणालंच, तर आवाज चढवा!

आता नामाचा गजर! पण आधी बायकांच्या बाजूनं — पुरुष मंडळी, तोवर गप्प!