चूलबंद

सांगते, पण हसू नका वं. आमच्या मेहकरच्या गल्लीत जेवणाचं आवतन 'चूलबंद' असलं, की अख्ख्या घरानं जेवायले जायचं, घरी कुकर लावायचा नाही. शेजारच्या शोभाकाकू नातवाच्या वाढदिवसाचं आवतन देत निघाल्या. दारोदारी "चूलबंद बरं का!" ऐकू येत होतं. माझ्या दारात आल्या अन् म्हणाल्या, "तू येऊन जा वं."

"अन् पिहू?"

पिहू माझी सहा वर्षांची पोरगी. मागच्या पंगतीत तिनं वरणाची बादली लाथाडली होती, अन् आवरायले गेलेल्या काकूंच्या हाताले चावली होती.

काकूंनी तोच हात पदराखाली घेतला. "तिचा डबा पाठवते ना."

मी गेली नाही.

एरवी सांजच्याले कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या, की पिहू भिंतीवर डोकं आपटते. मी मधे हात धरून बसते. त्या दिवशी सारी गल्ली समाजमंदिरात जेवायले. एक शिट्टी नाही. कितीतरी दिवसांनी पोरगी उंबऱ्यात माझ्या मांडीले टेकून बसली.

"आई, आज कोणाचाच कुकर काऊन नाही वाजला?"

"सगळ्यायले चूलबंद हाय, बाई."

"मंग काकूले सांग ना, रोज चूलबंद करा."