तीस सेकंदांची शांतता

हॅलो? झुमुर? अगं मी रूपादी, स्टुडिओतून… हो, पोचलं तुझं रेकॉर्डिंग… हो, हो, छान बोललीयेस. गोष्टीतल्या ठाकुराइनीचा खून ऐकून आमच्या रेकॉर्डिस्ट बापीदाचा चहा निवला… ते राहू दे. नवरा घरात आहे?… मासळी आणायला गेलाय? बरं. मग नीट ऐक.

खुनाखाली संगीत घालायचं नाही, नुसती शांतता ठेवायची, म्हणून तुझ्या खोलीची तीस सेकंदांची शांतता मागितली होती ना मी? ऐकली ती… हो, सगळी.

टीव्ही? कसला टीव्ही!… अगं ऐक ना… झुमुर, बावीस वर्षं मी कोबीवर लाटणं आपटून गोष्टींतली माणसं मारतेय. खोट्या मारात आधी फटका, मग किंकाळी. तुझ्या शांततेत फटका आहे, आणि मग नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज. किंकाळी नाहीच. परत फटका. सात मोजले मी.

रडू नकोस… नाही, रड, रड.

चुकून राहिलं चालू? पण पाठवलंस तूच ना?… ऐकून पाठवलंस?… हं. मला वाटलंच.

आणि शेजारच्यांना पत्ता नाही?… गाणी लावतो? मारताना? मोठ्याने?… फक्त त्या दिवशी लावली नाहीत?… अगं बाई! आणि तुमच्या बेहाला भागात सारे म्हणतात, तीर्थंकरबाबू गाण्याचे काय दर्दी! मेला दर्दी! मुडदा बशिवला त्याचा!… बरगडी? कुठली?… आणि डॉक्टरला काय सांगितलंस, न्हाणीत पडले? वा!

पर्स उचल आणि खाली ये, मी टॅक्सी घेऊन… काय? जिना वाजला?… ठेवू नकोस फोन. झुमुर—

अहो तीर्थंकरदा! नमस्कार, नमस्कार… काही नाही हो, एक ओळ परत हवी होती… रडतेय? संवादच रडका आहे ना… कसली शांतता? नाही बुवा, मी कुठे ऐकली… हिलसा मिळाला का बाजारात?… तीर्थंकरदा? हॅलो?

…बापीदा, पोलिसांना फोन लाव! पळ!

हॅलो? झुमुर, तू? फोन फेकला होता त्याने?… गाणं लागलंय. वाढवलं?… आणखी वाढवलं. पळ! देवघरात शीर, कडी लाव… लागली?… ऐकतेय मी, लाथा घालतोय. ‘चिरून टाकीन’, तेही ऐकलं… विळी? मासे चिरायची? आई गं.

ओरडू नकोस, गाण्याखाली जाईल सगळं. समोर शंख आहे ना? फुंक!… भरदुपारी, हो! भूकंपाला नाही का फुंकत सगळ्या बायका? अख्खी गल्ली हातातलं टाकून बाहेर येईल… दुखू दे बरगडी! दोन पानांचा संवाद एका दमात म्हणणारी बाई तू. फुंक!

…नुसतीच फुस्स. परत.

दाराची फळी गेली?… हात आत आला? बघू नकोस तिकडे. बोटं दिसली तर घंटी हाण त्याच्यावर!… हाणलीस? ऐकलं, ऐकलं, कसा कोकलला! आता फुंक गं माझी बाय!

…आला! आला आवाज! परत!… परत!

थांब. गाणं बंद केलं त्याने. गप्प. श्वासही हळू घे, मला ऐकू दे.

…हा तुझा नव्हता. समोरच्या माडीवरचा… हा आणखी एक. लांबचा… अगं, घराघरांतून फुंकतायत! आणि जिन्यावर केवढी पावलं! कोण हाका मारतंय? ‘तीर्थंकरबाबू, बाहेर चला, भूकंप!’ त्याला वाचवायला आलेत शहाणे…

आता कुणीच बोलत नाहीये. विळी दिसली वाटतं.

घेतली काढून? कुणी, शेजारच्या मावशीने?… धरलंय त्याला? नक्की?… मग काढ कडी. आणि बोल, झुमुर. अगदी पहिल्या दिवसापासून सांग सगळ्यांना. आता मागे संगीत नाहीये.

…हां. अशीच. जरा मोठ्याने.

मी ठेवते फोन. टॅक्सी बघते.