तासाला एकतीस वेळा

(हिंदी मुलखातल्या ब्राह्मणपारा वस्तीतलं मराठी घर, दुपार. रिटायर्ड रेल्वे गार्ड वासुदेव, बायको कुमुद, मुलगी मंजिरी. कुमुदच्या झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट नुकताच आला आहे.)

मंजिरी : आई, साफ लिखा है. झोपेत तुझा श्वास थांबतो. तासाले एकतीस वेळा.

कुमुद : आणि जबड्याचं काय? कानाजवळ ठणकते ते?

मंजिरी : डॉक्टर बोले, दोनों साथ-साथ. तुझा खालचा जबडा मागं आहे. झोपली की जीभ मागं पडते, श्वासाची वाट बंद. मग शरीर दचकते, दात आवळते, जबडा पुढं ढकलते. बारा साल से, हर रात. सांधा घासणार नाही तर काय?

वासुदेव : म्हणजे दातात काही नव्हतंच?

कुमुद : नव्हतं. दोन दाढा उगीच गेल्या.

वासुदेव : दुखते दुखते तूच म्हणत होती. मले काय समजते त्यातलं?

कुमुद : समजत नव्हतं तरी तुम्ही बोलत होते ना. पाहुण्यांसमोर काय म्हणायचे? ‘दिवसा बोलत नाही, झोपेत दात खाते आमच्यावर.’

वासुदेव : गंमत होती ते.

कुमुद : हव, सगळे हसले. मीही हसली असती, पण तोंडच उघडत नव्हतं.

मंजिरी : और स्कूल, बाबा? वो भी गंमत?

वासुदेव : शाळेचं काहून काढून राहिली आता?

मंजिरी : काहून नाही? आई नववीच्या वर्गाले शिकवता शिकवता खुर्चीवर झोपली, पोट्ट्यांनी व्हिडिओ काढला. प्रिन्सिपल मॅडमनं तुम्हाले बोलावलं.

वासुदेव : मी इज्जत वाचवली तिची. ते काढूनच टाकणार होते. म्हटलं, त्यापेक्षा राजीनामा देऊ.

कुमुद : मले न विचारता. कागद घरी आणला, म्हणाले, सही कर. मॅडमले काय सांगून आले होते, ते वर्षभरानं शाळेतल्या शेखर सरांकडून कळलं. ‘बाईचं डोकं ठिकाणावर नाही.’

वासुदेव : अगं, भाजी चिरता चिरता झोपायची तू! माणसाले काय वाटणार?

कुमुद : मलेही तेच वाटायला लागलं होतं. सव्वीस वर्षं गणित शिकवलं, आणि सकाळी उठून सतराचा पाढा म्हणून पाहायची. डोकं जागेवर आहे का म्हणून. रोज.

मंजिरी : आई... तू कधी बोलली नाही.

कुमुद : कोणाले सांगू?

मंजिरी : डॉक्टरनं विचारलं होतं ना, झोपेत श्वास थांबताना कोणी पाहिलं का? तू म्हणाली, कोणीच नाही.

कुमुद : कोण पाहणार? हे आठ वर्षांपासून बाहेरच्या खोलीत.

वासुदेव : घोरायची इतकी. मले पहाटे ड्यूटी असायची.

मंजिरी : पण त्याच्या आधी तर इथंच झोपत होते. बाबा, तुम्ही ऐकलं होतं का?

वासुदेव : किती वर्षं झाली त्याले.

मंजिरी : बाबा.

वासुदेव : ऐकलं होतं. घोरता घोरता एकदम बंद व्हायची. मग गुदमरल्यासारखी उसळायची.

कुमुद : बंद झाली की तुम्ही काय करायचे?

वासुदेव : काय करणार?

कुमुद : विचारून राहिली मी.

वासुदेव : तेवढ्यात आपल्याले झोप लागते का, ते पाहायचो.

मंजिरी : छी, बाबा.

वासुदेव : मले काय माहीत श्वास बंद आहे म्हणून! वाटलं, शांत झाली.

कुमुद : मंजिरी, ते श्वासाचं मशीन कधी येते?

मंजिरी : परवा. मास्क लावून झोपायचं. जबडा पुढं धरून ठेवणारं एक साधन असते, पण तुझ्या सांध्याले ते झेपणार नाही म्हणाले. मास्कची सवय होईस्तोवर जवळ कोणी असलं तर बरं.

वासुदेव : मी झोपतो इथं. खरंच. रात्रभर जागा राहीन, कुमुद.

कुमुद : नको.

वासुदेव : अगं, आता तरी—

कुमुद : मंजिरी झोपेल. तुम्ही जवळ असले तर मले डोळा नाही लागणार.