तबकाचा खेळ

(पनवेल. भातगिरणीत कारकून असलेल्या इनॉक यांचं घर. गिरणीच्या वर्धापनदिनाच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या थोडं आधी.)

मझल — म्हणजे लिंबू-चमच्यापर्यंत सगळं ठीक चाललं होतं, असंच ना?

काशीराम — लिंबू-चमच्यात इनॉकभाऊ उतरलेच नाहीत, वहिनी. गुडघा दुखतो म्हणाले. संगीत खुर्चीच्या वेळी ग्रामोफोनपाशी बसले होते. रस्सीखेच झाली, हमाल जिंकले, लोक हसून हसून दमले. मग धाकट्या साहेबांनी तबक आणायला सांगितलं.

मझल — तेच ते त्यांचं कॉलेजातलं खूळ.

काशीराम — तेच. तबकात वस्तू मांडायच्या, वर फडकं. फडकं काढलं की क्षणभर बघायचं, परत झाकायचं. मग एकेकानं उठून काय काय होतं ते आठवून सांगायचं.

मझल — मला नका समजावू. आदल्या दिवशी तुम्हीच येऊन सगळ्या वस्तू सांगून गेलात की. पानाचा डबा, अडकित्ता, फणी, कुलूप. हे जेवताना पाठ करत होते. मी म्हटलं, या वयात परीक्षेला बसताय का. यांना दिसत नाही हे झाकायला तुम्ही केवढी धडपड केलीत, आणि ऐन वेळी कुण्या मेल्यानं तबकच बदललं.

इनॉक — मझल, पुरे कर.

मझल — का पुरे? भरल्या अंगणात माणूस अडकित्ता म्हणून सांगतोय आणि तबकात दाभण, सुतळी आणि हमालाचा लोखंडी आकडा. हसले ना हो लोक?

काशीराम — आधी हसले. भाऊ गंमत करतायत असं वाटलं त्यांना. मग साहेबांनी भाऊंच्या तोंडासमोर कागद धरला, वाचा म्हणाले. त्यानंतर नाय हसलं कुणी.

मझल — आणि सगळ्यांदेखत सांगितलं, उद्यापासून घरी बसा. माझा लेक गर्शोम कधीचा बोलावतोय इस्रायलला. हे म्हणायचे, हेडक्लार्क होऊ दे, मग बघू. झाले हेडक्लार्क. तुम्ही बसा, काशीराम. सगळ्या गिरणीत तुम्ही एकटे विचारपूस करायला आलात. चहा टाकते.

इनॉक — गेली का ती आत?

काशीराम — गेल्या.

इनॉक — तबक तू बदललंस.

काशीराम — हो.

इनॉक — इतकं सरळ सांगतोस?

काशीराम — मग काय शपथ खाऊ? वस्तू मी मांडल्या, फडकं मी घातलं. दुसरा कोण बदलणार?

इनॉक — माझी खुर्ची मिळाली तुला?

काशीराम — मिळाली. सकाळीच साहेबांनी बोलावलं.

इनॉक — शाब्बास. मिठागरातून आलास तेव्हा वजाबाकीत हातचा विसरत होतास. शेजारी बसवून शिकवलं तुला.

काशीराम — शिकवलंत. नाय कोण म्हणतो? आन् मी काय केलं? शनिवारी तुमच्या धर्माची सुट्टी, तुमचं सगळं काम माझ्या अंगावर. बाकीचे दिवस कानाशी लागून आकडे सांगायचे, कुणाला कळणार नाय असे. तुमचे डोळे मी झालो होतो, भाऊ. कुणाजवळ बोललो कधी?

इनॉक — मग एकाएकी काय पोटात दुखलं?

काशीराम — दादूमामा.

इनॉक — त्याचं इथं काय?

काशीराम — सख्खा मामा हाय माझा. मी तापानं पडलो होतो तवा किलोच्या नव्या काट्यापाशी तुमी एकटे उभे होता. गोणी कमी भरतात म्हणालात. दादूनं दाभण घालून तांदूळ काढला म्हणालात. मी उठून कामावर आलो तवर त्याला हाकलून झालं होतं.

इनॉक — जे दिसलं ते बोललो.

काशीराम — दिसलं? जुन्या काट्यावर तुमचं चालत होतं, वजनं हाताला कळायची. नव्याची सुई तुमाला दिसते? आन् साहेबांना काय सांगितलंत, माझ्या डोळ्यांनी बघितलं. ह्या डोळ्यांनी?

इनॉक — तेव्हाच साहेबांकडे जायचं होतंस.

काशीराम — गेलो. म्हणाले, इनॉक खोटं बोलत नाही, मामाची बाजू घेशील तर तुलाही काढीन. तुमचा शब्द मोडायची त्या गिरणीत कुणाची छाती नाय. म्हणून तुमाला दिसत नाय हे चारचौघांत कळायला पायजे होतं.

इनॉक — मला तरी एकट्याला बोलायचंस.

काशीराम — बोललो नाय? दोनदा विषय काढला. तुमी पावसापाण्याचं बोलत बसलात.

इनॉक — आता मिळालं ना मनासारखं? मग आलास कशाला?

काशीराम — एका कामासाठी. उद्या माझ्यासंगती गिरणीत चला. त्या दिवशी मला सुई दिसली नव्हती, एवढंच म्हणा. मामाला परत घेतील. म्हातारा आता मिठागरात राबतोय, पाय फुटून रक्त येतं. पोरं मागून चोर म्हणून ओरडतात. हौसामामी घराबाहेर पडत नाय.

इनॉक — ते जमणार नाही.

काशीराम — नोकरी तर गेलीच. आता काय जातंय तुमचं?

इनॉक — आंधळा म्हणून काढलं, तेवढं बस झालं. खोटारडा म्हणवून घ्यायला मी येणार नाही. आणि दादूनं नेला नसेल हे तरी कशावरून?

काशीराम — तुमी हे तोंड वर करून बोलता?

इनॉक — बोलतो. जा तू.

काशीराम — जातो. वहिनींना सांगा, चहा नको. ह्या घरातलं आता काही घशाखाली उतरायचं नाय.

इनॉक — काशीराम. काशीराम, थांब. दारात थांबलायस ना? तेवढं दिसतं मला अजून. तिथंच उभा राहा, जवळ येऊ नकोस. खोटं बोललो मी आत्ता. दादूनं काही नेलं नव्हतं. तू तापातून उठून आलास, त्या दिवशी बाजूला ठेवलेल्या गोणी तुझ्याकडून परत तोलून घेतल्या, आठवतं? तू मोठ्यानं वजन वाचलंस. सगळ्या भरलेल्या. त्या कुठल्या गोणी हे तुला ठाऊक नव्हतं, मला होतं. तेव्हा तोंड उघडलं असतं तर डोळ्यांचं बाहेर आलं असतं, म्हणून गप्प बसलो. बोलत नाहीस? नको बोलूस. हौसा इथं आली होती, तुला माहीत नसेल. आमच्याकडे कामाला होती ना ती. पाया पडली, म्हणाली नवरा चोर नाही. मझलनं तिला चोराची बायको म्हणून उंबऱ्यावरून हाकललं, आणि मी आत बसून ऐकत होतो. मझलला अजून वाटतं, तिनं बरोबर केलं. उद्या येतो मी तुझ्याबरोबर, साहेबांना काय हवं ते सांगतो. फक्त हे मझलच्या कानावर जाऊ देऊ नकोस. ऐकतोयस ना?

मझल — काशीराम मघाशीच गेले. मी चहा घेऊन आले होते.